पोटखराब

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे, आणि खरं सांगायचं तर भांडायला बसले आहे. नातवंडांच्या गमती आणि जुन्या शाळेच्या आठवणी वाचायला जे येतात, त्यांनी आजच्यापुरतं हे पान सोडून दिलं तरी चालेल. भावंडांनी आणि भाचरांनी मात्र शेवटपर्यंत वाचावं. कारण तुमच्यातले निम्मे जण दर जूनमध्ये झाडं लावतानाचे फोटो मला पाठवतात आणि मी त्यावर "छान, छान" म्हणते. ते 'छान' मला मागे घ्यायचं आहे. सगळं नाही, पण थोडं तरी.

त्याचं असं झालं. आजरा-चंदगडच्या बाजूला घाटमाथ्यावरच्या ज्या गावात मी चौतीस वर्षं मराठी शिकवलं, तिथून बारा किलोमीटरवर एक संशोधन केंद्र आहे. जांभ्या दगडाच्या दोन बैठ्या इमारती, वर पत्रे, अंगणात पाऊस मोजायचं यंत्र, आत बाटल्यांनी भरलेली कपाटं. माझा एक जुना विद्यार्थी तिथे अठरा वर्षं कामाला आहे. त्याचं काम म्हणजे सगळंच. जीप चालवायची, जनरेटर सुरू करायचा, पाहुण्यांना पिठलं-भाकरी करून घालायची, आणि मुख्य म्हणजे पावसाळ्यात रात्री विजेरी घेऊन सड्यावर जायचं आणि कुठला बेडूक कुठल्या दगडाखाली बसलाय ते शास्त्रज्ञांना दाखवायचं. २०२४ च्या डिसेंबरात त्याचा फोन आला. "बाई, हितं दोन दिवसाची मोठी परिषद हाय. सगळ्या सह्याद्रीतनं शास्त्रज्ञ यायलेत. आपल्या सड्यावरच बोलणार म्हणं. तुम्ही या."

गेले. या वयात एस.टी.चे धक्के सोसत गेले, कारण 'आपल्या सड्यावर' कुणी बोलतंय हे ऐकूनच बरं वाटलं होतं. केरळ, कर्नाटक, गोवा, पुणे, बंगळूर, सगळीकडून मंडळी आली होती. बहुतेक विशी-तिशीतली. पायात चिखलाचे बूट, खांद्याला पिशव्या, बोलणं उत्साहाचं. मला ती मुलं मनापासून आवडली हे आधीच सांगते. पगार बेताचे, नोकरीची खात्री नाही, आणि तरी जळवा चावून घेत पावसात हिंडतात. त्यांच्याशी माझं भांडण नाही. निदान तसं नाही.

सभागृहात प्लास्टिकच्या खुर्च्या आणि दोरीवर चिमट्यांनी लावलेले मोठमोठे तक्ते. मी मराठीची शिक्षिका, त्यामुळे आधी पाट्या वाचायची खोड. सगळ्या परिषदेत मराठी अक्षरं एकाच ठिकाणी सापडली. थर्मासशेजारी पुठ्ठ्यावर लिहिलं होतं, 'चहा'. अक्षर माझ्या विद्यार्थ्याचं. वळणावरून लगेच ओळखलं. माझ्याच हाताखालचं ते.

दुपारी एक मुलगी बोलायला उभी राहिली. पडद्यावर चित्रं येत होती. माझं इंग्रजी बेताचं आहे, पण चित्रांना भाषा लागत नाही. उंचावरून घेतलेलं सड्याचं छायाचित्र, आणि मधोमध एक गडद हिरवा चौकोन. मग तोच चौकोन जवळून. ऑस्ट्रेलियन बाभळीची उंच झाडं, खाली वाळक्या पानांचा जाड थर, आणि त्या थरातून काहीही उगवलेलं नाही. कोपऱ्यात एक दगडी चौथरा. माझ्या छातीत धस्स झालं. शेजारी चहाचा ट्रे घेऊन उभा असलेला विद्यार्थी वाकून हळूच म्हणाला, "बाई, ही आपलीच झाडं की."

खरंच आपलीच. १९८७ चा जून. विज्ञानाचे मास्तर रजेवर होते म्हणून वृक्षारोपणाचं काम मराठीच्या बाईंकडे आलं होतं. सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेतून काळ्या पिशव्यांतली रोपं आली. ऑस्ट्रेलियन बाभूळ आणि थोडी गिरिपुष्पं. शंभरावर मुलं पहारी घेऊन सड्यावर गेली. जांभा तो, पहार लागली की ठिणगी उडायची. मुलांच्या हाताला फोड आले. सड्यावर माती नव्हती, म्हणून खालच्या वावरातून घमेल्यांनी माती वाहून आणली आणि खड्डे भरले. मी त्या चौथऱ्यावर उभी राहून सगळ्यांना शिस्त लावत होते. पुढच्या वर्षी तालुक्याला बोलावून आम्हाला प्रशस्तिपत्र दिलं. ते चौकटीत बसवून शाळेच्या ऑफिसात लावलेलं होतं. मी निवृत्त झाले तेव्हाही तिथेच होतं.

आणि आता सदतीस वर्षांनी एक मुलगी मला इंग्रजीतून सांगत होती की त्या चौकोनात पूर्वी काय काय होतं आणि आता काय काय नाही.

ती सांगत होती ते खोटं नव्हतं. नंतर तिला बाजूला घेऊन मी सगळं समजून घेतलं. ते तुम्हालाही सांगते, कारण पुढचं भांडण त्याशिवाय कळणार नाही.

सडा म्हणजे डोंगराचा सपाट माथा, जांभ्याचा. आमच्या भागात पाऊस कोसळतो. जवळच्या आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरहून अधिक. त्या पावसाने हजारो-लाखो वर्षांत खडकातलं विरघळण्यासारखं सगळं धुऊन नेलं आणि लोह, ॲल्युमिनियम मागे ठेवलं. तोच जांभा. त्यावर माती कुठे बोटभर, कुठे तीही नाही. पावसाळ्यात चार महिने सगळं पाण्याखाली चिंब, आणि उन्हाळ्यात तव्यासारखं तापलेलं. अशा जागी झाड टिकत नाही. पण याचा अर्थ तिथे काही नाही असा नव्हे. जे आहे ते या जागेसाठीच बनलेलं आहे. सगळं आयुष्य चार-पाच महिन्यांत उरकणारी वीतभर रोपं. गेंद, तेरडा, कवला, सीतेची आसवं. मातीत नत्र नाही म्हणून पानांवरच्या चिकट थेंबांनी किडे धरून खाणारी दवबिंदू. कातळावरच्या डबक्यांत काही अळ्या-बेडकांची अख्खी बालपणं. आंबोलीच्या कातळावर एक लहानसा भेक आहे, वाघासारखे पट्टे असलेला. शास्त्राला तो वेगळा म्हणून कळला २००९ साली. आंबोलीच्या परिसराबाहेर तो फारसा कुठे सापडत नाही, आणि नष्ट होण्याचा धोका सगळ्यात जास्त असलेल्या प्राण्यांच्या यादीत त्याचं नाव आहे.

या सगळ्यांना हवं असतं ते ऊन, उघडा कातळ आणि पावसाळ्यातलं साचलेलं पाणी. झाडांनी सावली धरली, पानांचा थर साचला, माती चढली, की यांचं घर गेलं. शिवाय सड्याच्या भेगांतून मुरलेलं पाणीच खाली कड्याच्या पायथ्याशी झऱ्यांतून बाहेर येतं. आमच्या गावचा पाणवठा त्यावरच होता. म्हणजे सडा हा नुसता फुलांचा विषय नाही.

बघा, एवढं सगळं मराठीत सांगून झालं. दोन परिच्छेद लागले. एकही शब्द शब्दकोशात पाहावा लागला नाही. तरीही हे दोन परिच्छेद आमच्या गावापर्यंत यायला सदतीस वर्षं लागली, आणि तेही मी योगायोगाने तिथे गेले म्हणून. माझं भांडण आहे ते इथे.

त्या मुलीचं बोलणं संपल्यावर मी हात वर केला आणि मराठीतच विचारलं, "हे तुम्ही खाली गावात कुणाला सांगितलंत का?" अध्यक्ष सज्जन होते. त्यांनी हसून सगळ्यांना इंग्रजीत सांगितलं की मॅडम जनजागृतीबद्दल विचारत आहेत, विषय फार महत्त्वाचा आहे, आणि पुढचा प्रश्न घेतला. वेळ नव्हता.

जनजागृती! या शब्दावर मला एकदा बोलायचंच होतं. जागृती करायची म्हणजे समोरचा झोपलेला आहे हे आधीच ठरवून टाकायचं. माझा विद्यार्थी अठरा वर्षं रात्र रात्र जागून तुम्हाला बेडूक दाखवतो. तो झोपलेला आहे? कुठल्या सड्यावर पाऊस पडल्यावर कितव्या दिवशी काय उगवतं हे गुरं राखणाऱ्या धनगराला ठाऊक आहे. तो झोपलेला आहे? मी विचारलं होतं की जे कळलं ते सांगितलंत का. सांगणं आणि जागं करणं यात फरक आहे. सांगताना समोरचा आपल्या बरोबरीचा असतो.

त्याच आठवड्यात आमच्या गावच्या ग्रामपंचायतीत काय चाललं होतं ते आता ऐका. पलीकडच्या, अजून उघड्या असलेल्या सड्यावर पुढच्या पावसाळ्यात झाडं लावायचा ठराव तयार होत होता. खड्ड्यांची जागा आखून झाली होती. त्यात कुणाचा स्वार्थ होता असं मला वाटत नाही. सरपंच चांगल्या हेतूने करत होते, जसं मी १९८७ मध्ये केलं होतं. बारा किलोमीटरवर चाळीस-पन्नास विद्वान दोन दिवस बसून सांगत होते की सड्यावर झाडं लावू नका. आणि ज्यांच्या हातात पहार होती त्यांच्यापैकी एकालाही ते ऐकू गेलं नाही.

आता या राज्यात झाडांचा हिशेब कसा चालतो तेही आठवा. २०१६ मध्ये १ जुलैला एका दिवसात २ कोटी झाडं लावायचा संकल्प झाला. २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी, २०१९ मध्ये ३३ कोटी. आकडा वरून येतो, जागा खाली शोधावी लागते. शेतात कुणी लावू देत नाही. जंगलात आधीच झाडं आहेत. मग उरतं काय? सडा, माळ, गायरान, कुरण. 'मोकळी' जागा. आमच्या भागात खड्डे कुठे कुठे निघाले ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. जिथे गवत आणि कातळ, तिथे.

जागेला 'मोकळी' म्हणण्याची ही खोड कागदावरूनही आलेली आहे. सातबाऱ्यावर एक रकाना असतो, पोटखराब. लागवडीस अयोग्य क्षेत्र. मी मराठीची विद्यार्थिनी, शब्दांवर माझा जीव. आमच्या लोकांकडे जमिनीसाठी केवढे शब्द आहेत! सडा वेगळा, कातळ वेगळा, माळ वेगळा, कुरण वेगळं, गायरान वेगळं, खाजण वेगळं. प्रत्येकात काय उगवतं, कुणाची गुरं कधी चरतात हे त्या शब्दातच आलं. आणि कागदाने या सगळ्यांना मिळून एकच शब्द दिला, तोही शिवीसारखा. पोटच खराब! जी जमीन ज्वारी-भात देत नाही ती खराब. मग खराब जागेत झाड लावलं काय, चिरेखाण काढली काय, कोण विचारतो? कोल्हापूर जिल्ह्यातल्या काही सड्यांवर बॉक्साइटच्या खाणी झाल्या त्या काही उगाच नाहीत. माळढोकासाठी सोलापूर-नगरच्या माळरानांवर १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झालं, पण माळ म्हणजे पडीक ही समजूत काही गेली नाही. माळढोक मात्र जवळजवळ गेला.

या शब्दाविरुद्ध बोलायचं हत्यार शास्त्रज्ञांच्या हातात आहे. फक्त ते परक्या भाषेच्या म्यानात ठेवलेलं आहे.

आता त्यांची बाजू. चहाच्या वेळी मी चार जणांशी बोलले, आणि शिक्षिकेची सवय, उत्तरं लक्षात ठेवली.

पहिलं उत्तर : केरळचा मुलगा आणि गोव्याची मुलगी एकमेकांशी इंग्रजीतच बोलणार. मान्य. शंभर टक्के मान्य. सह्याद्री सहा राज्यांतून जातो, सगळ्यांनी मराठीत बोलावं असं मी म्हणणार नाही. पण दोन दिवसांतला शेवटचा एक तास मराठीत ठेवायला कुणाची हरकत होती? परिषद केरळात असेल तर मल्याळममध्ये ठेवा. ज्या गावाचं पाणी प्यायलात त्या गावासाठी एक तास.

दुसरं उत्तर : शास्त्राचे शब्द मराठीत नाहीत. हे मात्र मी ऐकून घेणार नाही. 'सृष्टिज्ञान' मासिक पुण्यात १९२८ साली सुरू झालं. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून आहे. मारुती चितमपल्लींनी वनखात्यातली नोकरी करता करता पारध्यांकडून, आदिवासींकडून, गुराख्यांकडून शब्द गोळा केले आणि जन्मभर मराठीत लिहिलं. २००६ मध्ये सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२५ च्या जूनमध्ये ते गेले. शब्द नाहीत असं म्हणणाऱ्याने त्यांचा 'पक्षिकोश' एकदा चाळावा. परिभाषेतले काही शब्द जड आहेत हे खरं. 'परिस्थितिकी' म्हणताना माझीही जीभ अडखळते. पण एखादी वनस्पती फक्त याच भागात वाढते हे सांगायला 'प्रदेशनिष्ठ' हा किती सुंदर शब्द आहे! आणि तोही नको असेल तर माझा विद्यार्थी सांगतो तसं सांगा. "हे हितलंच. दुसरीकडं कुठं न्हाई." याहून नेमकी व्याख्या मला कुठल्या पुस्तकात दिसली नाही. मातीत राहणारा, गांडुळासारखा दिसणारा, पण बेडकांच्या गोतातला एक प्राणी आहे. आमच्या लोकांनी त्याला 'देवगांडूळ' म्हटलं. गांडुळासारखा, पण गांडूळ नव्हे, म्हणून देवाचा. शब्द नाहीत म्हणे!

तिसरं उत्तर : गावातल्या लोकांना यात रस नसतो. मी विचारलं, बोलावून पाहिलंत का? नाही.

चौथं उत्तर त्या भाषण करणाऱ्या मुलीचं. तिने मला गप्प केलं. ती सांगलीकडची. घरी मराठी बोलणारी. म्हणाली, "आजी, मला हे मराठीत सांगताच येणार नाही. मी कधी सांगितलंच नाही. माझ्या आईलाही मी काय करते ते नीट सांगता येत नाही."

मला वाटलं तिला रागवावं, आणि मग वाटलं कुणी कुणाला रागवायचं? त्या पोरीला पहिलीपासून इंग्रजी शाळेत घालणारे आम्हीच. मराठी शाळेत जे आले त्यांना आम्ही काय शिकवलं? पावसावर निबंध लिहा. 'धरतीने हिरवा शालू नेसला' हे वाक्य आलं की मी स्वतः दोन गुण जास्त दिले आहेत. एकाही मुलाला मी कधी म्हटलं नाही की सड्यावर जा, एका फुटाच्या चौकोनात काय काय उगवलंय ते मोज, आणि लिहून आण. माझ्या मराठीने मुलांना सुशोभित लिहायला शिकवलं, पाहिलेलं सांगायला शिकवलं नाही. मग मराठीत शास्त्र सांगता येत नाही म्हणून तक्रार करायची मी कोण? हा दोष माझ्या पदरात आहे आणि तो मी घेते.

आमच्या वर्तमानपत्रांचंही तेच. कासचं पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या ३९ जागांबरोबर जागतिक वारसा यादीत गेलं. तेव्हापासून दर सप्टेंबरात 'कास फुललं'. रंगीत फोटो, गाड्यांच्या रांगा. पण कास फुलतं कारण तिथे झाडं नाहीत, हे वाक्य मी कुठल्या बातमीत ठळक छापलेलं पाहिलं नाही. उलट त्याच पानावर खाली दुसऱ्या कुठल्या तरी पठारावर पाहुण्यांच्या हस्ते वृक्षारोपण. आपण दोन्ही बातम्यांना माना डोलावतो. मीही डोलावत होते.

तरीही शास्त्रज्ञांवरचा माझा आरोप मी मागे घेत नाही, कारण न सांगण्याची किंमत काय असते हे आम्ही एकदा भोगलं आहे. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने पश्चिम घाटाविषयीचा अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये सरकारला दिला. सरकारने तो दाबून ठेवला. प्रकरण न्यायालयात गेलं तेव्हा कुठे मे २०१२ मध्ये तो लोकांसमोर आला, तोही जाडजूड इंग्रजीत. हा अहवाल लोकांच्या भाषेत ग्रामसभांपुढे ठेवा, त्यांचं म्हणणं घ्या, असं खुद्द गाडगीळ सांगत होते. ते झालं नाही. आमच्या गावात अहवाल आलाच नाही, त्याच्याविषयीच्या अफवा आल्या. स्वतःच्या परड्यातली फांदी तोडली तरी तुरुंग, घराला खोली वाढवता येणार नाही, गावं उठवणार. मी तेव्हा निवृत्त होते, लोक माझ्याकडे विचारायला आले, आणि माझ्याकडे सांगायला काही नव्हतं. गाव विरोधात गेलं. सिंधुदुर्गात काही गावांच्या ग्रामसभांनी आपणहून आपलं गाव संवेदनशील क्षेत्रात घ्या म्हणून ठराव केले होते. म्हणजे लोकांना कळलं तर लोक उलटा विचार करतात असं नाही. आमच्या गावाला कळू दिलं नाही, एवढंच.

आणि हे गाडगीळ मराठीत सतत लिहीत आले. सत्तरच्या दशकात वा. द. वर्तक आणि ते देवरायांचा अभ्यास करत गावोगाव फिरले, लोकांशी बोलले. त्यामुळे शास्त्र केलं की लोकांशी नातं तुटतंच, असंही नाही. ज्याला सांगायचं असतं त्याला भाषा सापडते.

कायद्यानेही सोय केलेली आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती हवी आणि गावातल्या झाडाझुडपांची, प्राण्यांची, त्याविषयीच्या जाणकारीची नोंदवही हवी. हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली तेव्हा सगळीकडे घाईघाईने वह्या भरल्या गेल्या. आमच्या गावची वही मी पाहिली. त्यात आंबा, फणस, गाय, म्हैस आहे. दवबिंदू नाही. पट्टेवाला भेक नाही. देवगांडूळ नाही. ज्या केंद्रात या सगळ्यांच्या नोंदी कपाटभर आहेत ते बारा किलोमीटरवर. एवढ्याशा अंतरात एक वही जाऊ शकली नाही.

म्हणून माझं मागणं अगदी लहान आहे, आणि ते सगळ्याच संशोधन केंद्रांना आहे. एक, गावच्या हद्दीत जे संशोधन झालं त्याचं एक पान मराठीत, साध्या भाषेत, ग्रामपंचायतीला आणि शाळेला द्या. एक पान, जास्त नको. दोन, परिषद भरवलीत तर एक तास गावाचा. तीन, त्या नोंदवहीत तुमच्या नोंदी घाला. चार, जो माणूस तुम्हाला बेडूक दाखवतो त्याचं नाव शेवटी आभारात बारीक अक्षरात न घालता वर घाला, आणि त्याला परिषदेत खुर्ची द्या. त्या दोन दिवसांत तो एकदाही बसला नाही. पडद्यावरचे निम्मे बेडूक त्याने शोधलेले होते.

यात दया नको आहे. तुमचं स्वतःचं काम वाचावं म्हणून सांगते. तुम्ही पाच वर्षं अभ्यासलेला सडा एका ठरावाने खड्ड्यात जातो. मग तुमचा निबंध कितीही मोठ्या ठिकाणी छापून आला तरी तो मृत्युलेखच.

परतायच्या आधी मी त्या सांगलीच्या मुलीला बसवलं. म्हटलं, तू सांग, मी लिहिते. रात्री अकरापर्यंत आम्ही तिघं बसलो होतो, ती, मी आणि माझा विद्यार्थी. ती अडली की तो शब्द पुरवायचा. एक पान झालं. २६ जानेवारी २०२५ च्या ग्रामसभेत ते मी वाचणार होते, पण ऐन वेळी मी ते विद्यार्थ्याच्या हातात दिलं. त्याने कागद घडी करून खिशात घातला आणि तसाच बोलला. आपण शाळेत असताना सड्यावर झाडं लावली ते चुकलं, हे त्याने मला समोर बसवून सांगितलं. मी मान हलवली. एका म्हाताऱ्या धनगराने उठून विचारलं, "मग झऱ्याचं पाणी कमी झालं ते त्यानंच का?" तो म्हणाला, तेवढ्यानंच असं नाही म्हणता येणार, पण सडा झाकू नये हे खरं. मला त्याचा फार अभिमान वाटला. ठाऊक आहे तेवढंच सांगितलं.

ठराव रद्द झाला नाही. निम्मी झाडं गावाच्या रस्त्याकडेला आणि परड्यांत लावायची ठरली, देशी, फणस-जांभूळ. निम्म्यांचं पुढे बघू म्हणाले. 'पुढे बघू' म्हणजे काय ते तुम्हालाही ठाऊक आहे. लढाई अजून बाकी आहे.

आणि आमच्या त्या चौकोनाचं काय? मी त्या मुलीला विचारलं होतं, तोडून टाकली तर? ती म्हणाली, नुसती तोडून भागत नाही, साचलेला थर आणि आपण वाहून नेलेली माती आहे, सडा लगेच पहिल्यासारखा होत नाही. जी माती आम्ही घमेल्यांनी नेली तीच आता निघत नाही. ऐंशीकडे झुकलेल्या बाईला हे ऐकून काय वाटलं असेल ते लिहीत नाही.

शाळेतलं प्रशस्तिपत्र मात्र मी मागून आणलं आहे. मुख्याध्यापकांना कारण सांगितलं. त्या जागी त्यांनी आमचं ते मराठी पान लावलं आहे.

असो. पुढच्या जूनमध्ये फोटो जरूर पाठवा. फक्त खड्डा काढायच्या आधी तिथे काय होतं, तेही सांगा.